एसएटीच्या नोट्सवाल्या प्रश्नात चारही ऑप्शन बरोबर वाटतात, मग निवडायचं कशावरून?

एसएटी म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा. तिच्याबद्दल प्रश्न असा आलाय: "मॅडम, मी अकरावी सायन्सला आहे, ऑक्टोबरची एसएटी देणार आहे. रीडिंग-रायटिंगमध्ये ग्रामर बऱ्यापैकी जमतं, पण मॉड्यूलच्या शेवटी बुलेट पॉइंट्सवाले प्रश्न येतात ना, नोट्स दिलेल्या असतात आणि त्यावरून वाक्य निवडायचं, तिथे मला चारही ऑप्शन बरोबरच वाटतात. नोट्स दोन-दोनदा वाचते तरी चुकतं आणि वेळ पण संपतो. काही ट्रिक आहे का?"

पहिली गोष्ट, चारही ऑप्शन तुला बरोबर वाटतात कारण बहुतेक वेळा ते बरोबरच असतात. म्हणजे त्यातली माहिती नोट्समधूनच उचललेली असते, ग्रामर चोख असतं, वाक्य वाचायला छान असतं. तू प्रत्येक ऑप्शन नोट्सशी ताडून "हे खरं आहे का" असं बघत बसतेस, आणि चारही वेळा उत्तर "हो" येतं, मग अडकतेस. पेपर ते विचारतच नाहीये. पेपर विचारतोय की त्या विद्यार्थ्याला जे करायचंय ते कुठल्या वाक्याने होतं. आईने कोथिंबीर आणायला सांगितली आणि तू मंडईतनं एकदम ताजे टोमॅटो आणलेस तर टोमॅटोत काही खोट नाही, पण काम झालं नाही ना, तसंच.

आता हा प्रश्न नेमका कुठे बसतो ते आधी सांगते, कारण अर्धा घोळ तिथूनच सुरू होतो. डिजिटल एसएटी भारतात आणि अमेरिकेबाहेर सगळीकडे मार्च २०२३ पासून आली, अमेरिकेत मार्च २०२४ पासून. रीडिंग अँड रायटिंगचे दोन मॉड्यूल, म्हणजे भाग, प्रत्येकी २७ प्रश्न आणि ३२ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७१ सेकंद. प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो: आधी शब्दार्थ आणि पॅसेजची रचना, मग माहिती आणि पुराव्याचे, मग ग्रामर-पंक्च्युएशन, आणि सगळ्यात शेवटी 'एक्सप्रेशन ऑफ आयडियाज', त्यातही आधी ट्रान्झिशनचे, म्हणजे वाक्यं जोडणारा शब्द निवडायचे प्रश्न आणि मग हे नोट्सवाले, ज्यांना कॉलेज बोर्ड (एसएटी घेणारी संस्था) 'ऱ्हेटोरिकल सिंथेसिस' म्हणतं. शेवटच्या गटाचा वाटा सेक्शनच्या साधारण २० टक्के आहे, ५४ पैकी ८ ते १२ प्रश्न, त्यातले बरेचसे नोट्सवाले. म्हणजे हे प्रश्न येतात तेव्हा डोकं थकलेलं असतं, घड्याळात चार-पाच मिनिटं उरलेली असतात आणि समोर सहा बुलेट आणि चार लांबलचक वाक्यं. म्हणून ते अवघड वाटतात. एरवी, मी अगदी मनापासून सांगते, आख्ख्या सेक्शनमध्ये इतके हमखास मार्क मिळवून देणारा दुसरा प्रकार नाही, कारण इथे शब्दसंग्रह लागत नाही, विषय माहीत असावा लागत नाही, आणि काय हवंय ते प्रश्नातच लिहून दिलेलं असतं.

कुठे लिहिलेलं असतं? नोट्स संपल्या की एक ओळ येते, 'द स्टुडंट वॉन्ट्स टू...' आणि पुढे काय करायचंय ते. मी क्लासमध्ये हिला 'वॉन्ट्स टू'ची ओळ म्हणते. ही ओळ सगळ्यात आधी वाचायची, नोट्सच्याही आधी. आणि नुसती वाचायची नाही, तिचे तुकडे पाडायचे: काय करायचंय, कशाबद्दल, कोणासाठी. बऱ्याचदा त्यात दोन मागण्या असतात आणि मुलं एकच वाचतात.

एक उदाहरण घेऊ, आपल्याकडचंच घेते. पेपरात सगळं इंग्रजीत असतं, इथे मी मराठीत लिहितेय, लॉजिक तेच. समज नोट्स अशा आहेत. लोणार सरोवर महाराष्ट्रात बुलढाणा जिल्ह्यात आहे. ते उल्कापाताने झालेल्या विवरात आहे, विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. ते विवर बेसॉल्ट खडकात आहे. बॅरिंजर विवर अमेरिकेत अ‍ॅरिझोनात आहे, व्यास सुमारे १.२ किलोमीटर, आणि तेही उल्कापातानेच झालं, पण वालुकाश्म आणि चुनखडकात. दोन्ही विवरं ज्वालामुखीची आहेत असं एके काळी मानलं जायचं. लोणारमध्ये खारं पाणी आहे, बॅरिंजर कोरडं आहे.

आता 'वॉन्ट्स टू'ची ओळ: विद्यार्थ्याला दोन विवरांमधलं साम्य ठळकपणे मांडायचंय. ऑप्शन बघ.

अ: लोणारचं विवर बेसॉल्टमध्ये आहे, तर अ‍ॅरिझोनातलं बॅरिंजर विवर वालुकाश्म आणि चुनखडकात आहे.

ब: बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून ते उल्कापाताने झालेलं आहे.

क: लोणार आणि बॅरिंजर ही दोन्ही विवरं उल्कापाताने झालेली असली तरी एकेकाळी त्यांना ज्वालामुखीची विवरं समजलं जात होतं.

ड: लोणार आणि बॅरिंजर या दोन्ही विवरांचा अभ्यास झाला आहे, त्यातलं लोणार खाऱ्या पाण्याने भरलेलं आहे आणि बॅरिंजर कोरडं आहे.

अ मध्ये फरक सांगितलाय, उडाला. ब एकाच विवराबद्दल आहे, साम्य सांगायला दोन लागतात, उडाला. ड बघ नीट, हा मुद्दाम घातलेला आहे. सुरुवातीला 'दोन्ही' शब्द दिसतो आणि मूल टिक करून मोकळं होतं, पण वाक्याचा मुख्य भाग फरक सांगतोय, शिवाय 'अभ्यास झाला आहे' हे नोट्समध्ये कुठेच नाही. उत्तर क. आणि क मध्ये व्यास नाही, जिल्हा नाही, खडक नाही, पाणी नाही. तुला वाटेल की एवढी माहिती सोडून दिलेलं वाक्य कसं काय बेस्ट असेल? असतं. साम्य सांगायला जेवढं लागतं तेवढं त्याने घेतलं, बाकी सोडलं.

त्याच नोट्स ठेव आणि फक्त 'वॉन्ट्स टू' बदल. विवरांच्या आकाराची तुलना करायचीय, तर १.८ आणि १.२ दोन्ही आकडे किंवा निदान कोण मोठं हे वाक्यात यायलाच हवं, उल्कापाताचा उल्लेख आला काय नाही आला काय फरक पडत नाही. लोणार कुठे आहे ते सांगायचंय, तर बुलढाणा हवं आणि बॅरिंजरचं नाव नसलं तरी चालतं. दोघांमधला फरक सांगायचाय, तर अ एकदम परफेक्ट. म्हणजे काल चुकीचं ठरलेलं वाक्य आज बरोबर ठरतं, नोट्समधला एक शब्दही न बदलता. हे एकदा हाताने करून बघ: एकाच नोट्सवर चार वेगवेगळे हेतू स्वतः लिही आणि प्रत्येकासाठी एक वाक्य तयार कर. एवढा एक व्यायाम दहा मॉक टेस्टपेक्षा जास्त काम करतो असं माझं ठाम मत आहे.

आपल्या मुलांना हे का जड जातं यावर मी बरंच डोकं घातलंय. शाळेत आपण 'मुद्द्यांवरून कथा लिहा' करत आलोय. म्हातारी, जंगल, वाघ, भोपळा असे मुद्दे दिलेले, आणि एकही मुद्दा सुटला तर मार्क गेलाच. मग इंग्रजीत पॉइंट्सवरून पॅराग्राफ, तिथेही सगळे पॉइंट वापरा. वर्षानुवर्षं ही सवय अंगात मुरलेली असते, की दिलेलं सगळं वापरलं तर उत्तर पूर्ण. ती त्या पेपरासाठी योग्यच आहे, पण इथे ती घात करते, कारण चुकीच्या ऑप्शनमध्ये एक तरी असा असतोच ज्यात जवळजवळ सगळ्या नोट्स कोंबलेल्या असतात आणि तो वाचून वाटतं वा, काय कव्हर केलंय. मुलं चुकलेल्या प्रश्नांचे स्क्रीनशॉट दाखवतात तेव्हा मी आधी निवडलेल्या ऑप्शनची लांबी बघते, आणि फार वेळा तो चारातला सगळ्यात लांब असतो. लांब म्हणजे चूक असा नियम नाहीये हां, कधी कधी बरोबर उत्तरही लांब असतं, पण लांबीकडे बघून निवडायचं नाही एवढं पक्कं.

आता 'कोणासाठी' हा तुकडा. हा फार महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. ओळीत कधी असं येतं की अमुक व्यक्तीची ओळख अशा वाचकांना करून द्यायची ज्यांना ती 'अनफॅमिलियर' आहे, म्हणजे माहीतच नाही. आणि कधी उलट, ज्यांना ती 'फॅमिलियर' आहे त्यांच्यासाठी. या एका शब्दावर उत्तर फिरतं.

समज नोट्स आनंदीबाई जोशींवर आहेत. १८६५ ला भारतात जन्म. १८८६ ला विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाल्या. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी अमेरिकेत घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक. त्याच कॉलेजातून जपानच्या केई ओकामी १८८९ ला डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी आनंदीबाईंना देऊ केलेली होती. १८८७ ला त्यांचं निधन झालं.

हेतू क्रमांक एक: ज्यांना आनंदीबाई माहीत नाहीत अशा वाचकांना त्यांची ओळख. इथे वाक्यात त्या कोण, कुठल्या, कधीच्या, काय केलं हे हवं. "१८६५ मध्ये भारतात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, आणि असं करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्या होत्या." झालं. "आनंदीबाईंना कोल्हापूरच्या हॉस्पिटलमधली जबाबदारी देऊ केली होती" हे वाक्य इथे अडखळतं, कारण वाचणाऱ्याला प्रश्न पडेल कोण आनंदीबाई, हॉस्पिटलात कशासाठी? हेतू क्रमांक दोन: ज्यांना आनंदीबाई माहीत आहेत त्यांना ओकामींची ओळख. आता उलटं. आनंदीबाई कोण हे सांगत बसायचं नाही, ओकामी कोण ते सांगायचं: "आनंदीबाई जोशींच्याच कॉलेजातून जपानच्या केई ओकामी १८८९ मध्ये डॉक्टर झाल्या." जे माहीत आहे त्याला धरून जे माहीत नाही ते सांगायचं. आपण एकमेकांना नवीन माणसाची ओळख अशीच तर करून देतो, 'अगं ती आपल्या सुलभाकाकूंच्या शेजारची', पेपरात पण तेच.

एक बारीक गोष्ट. 'अनफॅमिलियर' असेल तर ऑप्शनमध्ये त्या व्यक्तीच्या किंवा पुस्तकाच्या नावाला चिकटून एक छोटीशी ओळख असते, इंग्रजीत ती बहुतेक नावानंतर दोन स्वल्पविरामांत येते. आपण मराठीत ओळख नावाच्या आधी लावतो, 'पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झालेल्या आनंदीबाई', म्हणून इंग्रजी वाक्य भरभर वाचताना दोन स्वल्पविरामांमधला तुकडा डोळा सोडून देतो. हा तुकडा मुद्दाम बघायची सवय लाव. अनेकदा दोन ऑप्शन इतर सगळ्या बाबतीत सारखे असतात आणि फरक फक्त त्या तुकड्यात असतो.

तिसरा मोठा गट म्हणजे संशोधनावरच्या नोट्स. इथे हुशार मुलंही चुकतात. एखाद्या अभ्यासाचे भाग वेगळे असतात: तो का केला, कसा केला, काय सापडलं, त्यावरून निष्कर्ष काय. 'वॉन्ट्स टू' यातला एक भाग मागतं आणि ऑप्शन बाकीचे भाग देतात.

बॅरिंजरचा विषय निघालाच आहे तर तिथलंच उदाहरण देते. ते विवर ज्या उल्केमुळे झालं तिच्या तुकड्यांना 'कॅन्यन डायब्लो' उल्का म्हणतात. क्लेअर पॅटरसन नावाचे अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ होते. त्यांना पृथ्वीचं वय काढायचं होतं. हा झाला हेतू. त्यांनी उल्कांमधल्या शिशाच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजलं, त्यात ही कॅन्यन डायब्लोही होती. ही झाली पद्धत. १९५६ ला त्यांनी पृथ्वीचं वय सुमारे ४.५५ अब्ज वर्षं असल्याचं प्रसिद्ध केलं. हा झाला निष्कर्ष.

आता प्रश्नात 'एम' विचारलं, म्हणजे अभ्यासाचा उद्देश, तर "पॅटरसन यांना पृथ्वीचं वय ठरवायचं होतं" हे उत्तर, भले ते कितीही साधं आणि छोटं वाटो. ४.५५ अब्जवालं वाक्य जास्त भारी वाटतं, आकडा आहे, साल आहे, पण ते निष्कर्ष सांगतंय. 'मेथडॉलॉजी' विचारलं तर शिशाचं मोजमाप यायला हवं. 'फाइंडिंग' विचारलं तर आकडा हवा. आणि 'अभ्यास आणि त्याचा निष्कर्ष दोन्ही मांडा' असं असेल तर दोन्ही एका वाक्यात हवेत, नुसता आकडा दिलेला ऑप्शन अर्धवट. ही अर्धवट ऑप्शनची जागा सगळ्यात निसरडी. दोन मागण्यांपैकी एक इतकी सुंदर पूर्ण केलेली असते की दुसरी विसरायला होते. म्हणूनच म्हणलं ओळीचे तुकडे पाडायचे. रफ पेपरवर दोन अक्षरं लिही ना, 'अभ्यास + निष्कर्ष', आणि प्रत्येक ऑप्शनसमोर मनात दोन टिक कर.

मग नोट्स वाचायच्या का नाही? यावर शिकवणाऱ्यांमध्ये दोन तट आहेत. काहीजण सरळ सांगतात की नोट्स वाचूच नका, ओळ वाचा, ऑप्शन वाचा, निवडा, पुढे जा. यात तथ्य आहे, कारण बरेचसे प्रश्न असे खरंच सुटतात आणि वेळ प्रचंड वाचतो. पण मी माझ्या मुलांना पूर्णपणे तसं करू देत नाही. ओळ आधी, मग ऑप्शन, हेतू पूर्ण न करणारे ऑप्शन बाद, आणि एकच उरला तर त्यातली माहिती नोट्समध्ये आहे का ते एका नजरेत बघून पुढे. दोन उरले तर मात्र नोट्सकडे जायचंच, कारण कधी कधी एखादा ऑप्शन नोट्समधल्या दोन गोष्टी अशा जोडतो की भलताच अर्थ निघतो. म्हणजे लोणार खाऱ्या पाण्याचं आहे आणि बेसॉल्टमध्ये आहे हे दोन्ही खरं, पण "बेसॉल्टमुळे पाणी खारं झालं" असं कोणी लिहिलं तर ते नोट्समध्ये नाहीये, ऑप्शनने स्वतःचं 'मुळे' घुसवलंय. इंग्रजीत असा 'बिकॉज', 'अ‍ॅज अ रिझल्ट', 'देअरफोर' दिसला की थांब आणि नोट्समध्ये ते कारण दिलंय का बघ. तसंच 'फर्स्ट', 'ओन्ली', 'मोस्ट' वगैरे. आनंदीबाईंच्या नोट्समध्ये 'पहिल्या स्त्रियांपैकी एक' आहे आणि ऑप्शनमध्ये 'पहिल्या स्त्री' असेल तर तो गेला.

सामान्य विधानाचे प्रश्नही असतात, 'जनरलायझेशन'. तिथे मात्र नोट्स नीट वाचाव्या लागतात, कारण तीन-चार उदाहरणांना मिळून लागू पडेल असं विधान हवं असतं आणि चुकीचे ऑप्शन एकेक उदाहरण सुटं सांगतात. आकार, कालावधी, क्रम, ठिकाण असले हेतू सोपे, त्यात अडकायचं कारण नाही.

आता वाक्य जोडण्याबद्दल थोडं, कारण तुला नुसतं निवडायचं नाहीये, पुढे कॉलेजचे निबंध पण लिहायचेत आणि तिथे ऑप्शन कोणी देणार नाही. इंग्रजीत दोन गोष्टी एका वाक्यात आणल्या की त्यातली एक मुख्य होते आणि दुसरी बाजूला बसते. 'दो', 'ऑल्दो', 'व्हाइल' ने सुरू झालेला भाग हा सहसा बाजूचा, स्वल्पविरामानंतरचा मुख्य, वजन तिथे पडतं. "बॅरिंजर लहान असलं तरी तेही उल्कापातानेच झालंय" आणि "बॅरिंजरही उल्कापातानेच झालेलं असलं तरी ते लहान आहे" ही दोन वाक्यं माहितीने सारखीच आहेत, पण पहिलं साम्याकडे झुकतं आणि दुसरं फरकाकडे. मराठीतही असंच आहे बघ, 'तरी' नंतर जे येतं ते मनात राहतं. म्हणून 'एम्फसाइझ', म्हणजे ठळक करा, हा शब्द आला की बघ, हवी ती गोष्ट वाक्यात कुठेतरी आहे एवढ्यावर भागत नाही, ती मुख्य भागात बसलीये का. आणि 'व्हाइल' दिसला म्हणजे फरकच असणार, 'बोथ' दिसला म्हणजे साम्यच असणार, असं धरून चालू नकोस, वर ड ऑप्शनमध्ये बघितलंसच.

सराव कुठे करायचा. कॉलेज बोर्डाचं ब्लूबुक अ‍ॅप आहेच, पेपर त्यातच होतो, फुल टेस्ट तिथे दे. त्यांचीच ऑनलाइन क्वेश्चन बँक आहे, फुकट, त्यात डोमेन, स्किल आणि डिफिकल्टी निवडून फक्त नोट्सवाले प्रश्न काढता येतात. तिथे ब्लूबुकच्या टेस्टमध्ये असलेले प्रश्न वगळायची सोय आहे, ती आधी लाव, नाहीतर प्रश्न आधीच बघून ठेवशील आणि टेस्टचा स्कोअर फुगेल. खान अकॅडमीवरही हा टॉपिक वेगळा आहे, तोही फुकट. क्लासच्या झेरॉक्स पुस्तिकांमध्ये हे प्रश्न फार कच्चे बनवलेले दिसतात, चुकीचे ऑप्शन सरळ सरळ खोटे असतात, त्याने उलट सवय बिघडते, खरं-खोटं शोधायची. मूळचेच प्रश्न सोडव.

आणि चुकलेले प्रश्न लिहून ठेवताना "सिली मिस्टेक" असं लिहू नकोस, त्याने काही कळत नाही. प्रत्येक ऑप्शनसमोर एक छोटा शेरा लिही की हे वाक्य कुठल्या हेतूला बरोबर ठरलं असतं. चुकीच्या तीन ऑप्शनना त्यांचे हेतू शोधून दिलेस की प्रश्न बनवणाऱ्याचं डोकं कसं चालतं ते तुला दिसायला लागेल. सुरुवातीला एका प्रश्नाला पाच-सात मिनिटं लागतील, लागू देत.

वेळेचं आता. हे प्रश्न शेवटी येतात पण शेवटीच सोडवायला हवेत असा नियम नाही, एका मॉड्यूलच्या आत तू कुठल्याही प्रश्नावर उडी मारू शकतेस. ज्या मुलांचा वेळ पुरत नाही त्यांना मी सांगते की मॉड्यूल सुरू झाला की आधी २७ वर जा आणि मागे मागे येत नोट्सवाले संपव, डोकं ताजं असताना प्रत्येकी चाळीस-पन्नास सेकंदात होतात, मग १ पासून सुरू कर. एका प्रकारचे प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावलेले असतात, तेव्हा २७ वा जरा जड लागेल, घाबरायचं नाही, खूण करून २६ वर ये. पण हे पहिल्यांदा परीक्षेच्या हॉलमध्ये करून बघायचं नाही, ब्लूबुकच्या निदान दोन टेस्ट तशा देऊन बघ. काही मुलांना उड्या मारल्याने गोंधळायला होतं, त्यांनी क्रमानेच जावं आणि शेवटच्या प्रश्नांसाठी सहा मिनिटं राखावी. तुझं ग्रामर बरं आहे म्हणालीस म्हणजे मधले प्रश्न तुझे झटपट होत असणार, मला वाटतं उलट क्रम तुला मानवेल.

अ‍ॅपमध्ये ऑप्शनवर काट मारायचं बटण असतं ते वापर. हेतू न पाळणारा ऑप्शन दिसला की लगेच काट, परत वाचायचा मोह नको. पहिल्या मॉड्यूलमध्ये हे जास्त मनावर घे, कारण दुसरा मॉड्यूल सोपा मिळणार की अवघड ते पहिल्यावर ठरतं आणि सोपा मिळाला तर वरच्या स्कोअरची वाट बंद होते. शेवटच्या मिनिटाला दोन प्रश्न उरलेच तर नोट्सकडे बघूही नकोस, 'वॉन्ट्स टू' वाच, त्या हेतूला धरून असलेला ऑप्शन टिक कर. निगेटिव्ह मार्किंग नाहीये, रिकामं काही सोडायचं नाही.

वरच्या पॅटरसनच्या नोट्स घेऊन आज एक काम कर: उद्देश, पद्धत आणि निष्कर्ष अशा तीन हेतूंसाठी इंग्रजीत तीन वाक्यं लिही, प्रत्येक वीस-पंचवीस शब्दांच्या आत, आणि मला पाठव. मी बघून सांगते वजन कुठे पडलंय.